चाळिशीची चौकट

मराठी भाषेत ‘चाळिशी’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. आयुष्याचे चाळिसावे वर्ष ही चाळिशी. त्या सुमारास जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते तो दृष्टीचा उणेपणा हीही चाळिशी. आणि त्या उणेपणावर उपाय म्हणून नाकावर येऊन बसतो तो चष्मा, तीसुद्धा चाळिशीच. ‘त्यांना चाळिशी लागली’ असे कोणी म्हटले, तर या तिहींपैकी नेमके काय लागले हे ऐकणाराने प्रसंगावरून ताडावयाचे. फारशीतून आलेला ‘चष्मा’ आणि संस्कृतातून घडविलेले ‘उपनेत्र’ हे दोन्ही शब्द डोळ्यापाशी थांबतात. वयाची जाहीर वाच्यता करणारा शब्द चाळिशी हाच. म्हणूनच की काय, पोक्त वयाची माणसे चष्म्याच्या दुकानात शिरतात ती थोडीशी ओशाळून, आणि दुकानदार पुढे करील ती चौकट घेऊन लवकर बाहेर पडतात. घरी आल्यावर मात्र तीच चौकट पुढची दोन-चार वर्षे रोज सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर राहावयाची असते. साडी वा सदरा रोज बदलतो. चष्मा बदलत नाही. मनुष्य अंगावर जे जे बाळगतो, त्यांत भेटणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इतका वेळ दुसरे काहीच नसते.

डोळ्यात घडते ते असे. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. जवळची वस्तू पाहावयाची झाली म्हणजे त्याच्या भोवतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग अधिक फुगीर होते. परंतु या भिंगावर जन्मभर नवे थर चढत असतात आणि वयाबरोबर ते ताठर होत जाते. दहा वर्षांचे मूल सुमारे सात-आठ सेंटिमीटरवर धरलेले अक्षरही स्पष्ट पाहू शकते. चाळिसाव्या वर्षी हे अंतर बावीस सेंटिमीटरांच्या आसपास जाते, पन्नाशीला अर्ध्या मीटरकडे सरकते आणि साठीला सुमारे एक मीटर होते. वर्तमानपत्र हळूहळू दूर धरता धरता एके दिवशी हातच अपुरे पडतात. यात कोणाचा दोष नाही, आणि पथ्याने वा व्यायामाने हे टळतही नाही. चष्म्याचा नंबर हा अशा रीतीने वयाने लिहिलेला आणि नेत्रवैद्याने वाचून दाखविलेला असतो. त्यात पसंती-नापसंतीला जागा नाही. ज्याने-त्याने ठरवावयाची अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्या काचा कोणत्या चौकटीत बसवावयाच्या.

चष्म्याचा जन्मच मुळी चाळिशीसाठी झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तो प्रथम घडविला गेला. जोर्दानो दा रिवाल्तो या धर्मोपदेशकाने १३०६ साली फ्लॉरेन्समधील एका प्रवचनात ही कला निघून अजून वीस वर्षेही झाली नसल्याचे सांगितले होते. ते पहिले चष्मे बहिर्गोल भिंगांचे, म्हणजे वयाने वाचता न येणाऱ्या विद्वानांच्या व कारागिरांच्या कामाचे होते. लांबचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्गोल काचा पंधराव्या शतकात आल्या. त्या चष्म्यांना कानावर अडकविण्याच्या काड्या नव्हत्या. दोन भिंगे एका खिळ्याने जोडलेली असत आणि ती नाकावर चिमटून किंवा हातात धरून वाचावे लागे. काड्या आल्या त्या अठराव्या शतकात, लंडनच्या कारागिरांच्या हातून. इतक्या गैरसोयीच्या त्या वस्तूलाही चेहऱ्याचे भूषण होण्यास फार काळ लागला नाही. तोम्मासो दा मोदेना या चित्रकाराने १३५२ साली त्रेव्हिझो येथील मठाच्या भिंतीवर कार्डिनल ह्यूग यांचे चित्र काढले आणि त्यांच्या नाकावर चष्मा चढविला. गंमत अशी की, कार्डिनल १२६३ साली, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वीच निवर्तले होते. त्यांना चष्म्याची गरज होती की नाही याच्याशी चित्रकाराला कर्तव्य नव्हते. हा मनुष्य ग्रंथांत आयुष्य घालविणारा आहे एवढे त्याला दाखवावयाचे होते, आणि दोन वर्तुळांनी ते काम भागले.

आजही दोन वर्तुळांनी ते काम भागतेच. महात्मा गांधींच्या लंडनमधील विद्यार्थिदशेच्या आणि दक्षिण आफ्रिकेतील छायाचित्रांत डोळ्यांवर चष्मा दिसत नाही. जगाच्या ओळखीचा झालेला तो गोल काचांचा चष्मा त्यांच्या उत्तर वयातला. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह ठरले, तेव्हा त्यात ना चेहरा होता, ना काठी, ना चरखा. केवळ तो चष्मा काढला होता आणि मनुष्य ओळखू आला. चाळिशीनंतर आलेली वस्तू एखाद्याची इतकी पूर्ण खूण व्हावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याच्या उलट टोकाला अमेरिकन विनोदी नट हॅरल्ड लॉइड. १९१७ सालापासून त्याने पडद्यावर जाड गोल चौकटीचा चष्मा वापरला, पण त्यात काचाच नव्हत्या, कारण काचांवर दिव्यांचे प्रतिबिंब पडे. दृष्टीला तिळमात्र उपयोग नसलेल्या त्या चौकटीने त्याला एक साधाभोळा, धडपड्या तरुण म्हणून कायमचे ओळखीचे करून ठेवले.

स्त्रियांच्या वाट्याला ही मोकळीक उशिराच आली. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजविणाऱ्या अल्टिना शिनासी यांनी १९३० नंतरच्या दशकात चष्मेवाल्याच्या खिडकीतील नीरस चौकटी पाहिल्या, आणि व्हेनिसच्या उत्सवातील मुखवट्यांवरून बाहेरच्या कोपऱ्यांत वर उचललेली एक चौकट योजिली. कारखानदारांनी ती प्रथम नाकारली. १९३९ साली तिला न्यूयॉर्कमध्ये रचनेचे पारितोषिक मिळाले आणि पुढे तिने जगभर आपले नाव केले. त्याच शहरातील आयरिस ॲपफेल या तर थोराड गोल काळ्या चष्म्यानेच ओळखल्या जात. त्यांच्या वेशभूषेचे प्रदर्शन २००५ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरले तेव्हा त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, आणि २०२४ साली एकशेदोनाव्या वर्षी त्या वारल्या तोवर तो चष्मा लहान झाला नाही.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतून याच काळात वेगळेच चालले होते. मुलीला चष्मा लागला की आईबापांना पहिली काळजी लग्नाची. मुलगी दाखवावयाच्या वेळी चष्मा काढून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्या मावश्या-आत्या घरोघर होत्या. चष्मा अटळच असेल तर तो दिसू नये, निदान कमीत कमी दिसावा, या बेताने चौकट निवडली जाई: बारीक तारेची, शक्य तर बिनकडेची, अंगाच्या रंगात विरून जाणारी. ती निवडीत वडील किंवा थोरला भाऊ, आणि पुढे यजमान. ज्या डोळ्यांसाठी ती घ्यावयाची, त्या डोळ्यांना कोणी विचारीत नसे.

अशीच एक शिक्षिका डोळ्यांसमोर आणावी. सातारा जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी मराठी शिकविणारी, वय सत्तेचाळीस. सोळाव्या वर्षी तिला चष्मा लागला आणि वडिलांनी बारीक सोनेरी तारेची चौकट घेतली. नंबर वाढत जाऊन उणे चारवर थांबला. चौकटी तीन-चार झाल्या, पण प्रत्येक वेळी ‘तशीच द्या’ एवढेच दुकानात सांगितले गेले. अलीकडे वह्या तपासताना ती चष्मा कपाळावर ढकलते. याचे कारण, उणे चार नंबरच्या उघड्या डोळ्याला पंचवीस सेंटिमीटरांपर्यंतचे सारे स्वच्छ दिसते. चाळिशीने जे हिरावले ते चष्मा काढल्याने परत मिळते. मात्र फळा पाहावयाचा की चष्मा खाली, वही पाहावयाची की वर, असे तासाला पन्नास वेळा झाले, तेव्हा नेत्रवैद्यांनी वर लांबचा आणि खाली क्रमाक्रमाने जवळचा नंबर असलेली, मध्ये रेघ नसलेली काच लिहून दिली. एकाच चष्म्यात दोन नंबर बसविण्याच्या युक्तीचे वर्णन बेंजामिन फ्रँक्लिनने १७८५ सालच्या एका पत्रात केले होते. क्रमाने बदलणारी काच पॅरिसमध्ये १९५९ साली बाजारात आली. या काचेला उंची लागते. डोळ्याच्या बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत निदान सोळा-अठरा मिलिमीटर जागा नसेल, तर वाचनाचा भाग कापूनच जातो. बाईंची जुनी बारीक चौकट या कामी नालायक ठरली. तीस वर्षांनी प्रथमच ‘तशीच द्या’ म्हणण्याची वाट बंद झाली.

दुकानात गेल्यावर जी अडचण येते, तिचा उच्चार फारसा कोणी करीत नाही. नव्या चौकटीत नंबराच्या काचा नसतात, आणि चष्म्याखेरीज ज्याला दिसत नाही त्याला आपलाच चेहरा आरशात दिसत नाही. शिवाय आरशातील प्रतिबिंब काचेच्या तितकेच मागे असते, म्हणून डोळ्यापासून त्याचे अंतर दुप्पट होते. उणे चार नंबरच्या बाईंना आपले मुख स्पष्ट पाहण्यासाठी आरशाच्या साडेबारा सेंटिमीटर जवळ, म्हणजे जवळजवळ नाक टेकवून उभे राहिले पाहिजे. तेथून फक्त एक भुवई दिसते. ज्यांना केवळ वाचनाचा चष्मा लागतो त्यांची मात्र सोय आहे. अर्ध्या मीटरवरच्या आरशातले प्रतिबिंब त्यांना एक मीटरवर पडते आणि ते नीट दिसते. पण जन्मभराचा चष्मेवाला आपल्या चेहऱ्याचा निर्णय आंधळेपणी करतो, आणि मग साहजिकच तो दुसऱ्यावर सोपवतो. परक्याच्या पसंतीचा चष्मा माणसाच्या चेहऱ्यावर येतो तो कित्येकदा भिडेने नव्हे, तर या साध्या प्रकाशशास्त्राने.

दुकानदार बाईंचा जुना विद्यार्थीच होता. त्याने आदराने सोनेरी तारेचा थाळा पुढे केला आणि म्हणाला, “बाई, तुमच्या वयाला हीच बरी दिसेल.” बरोबर आलेल्या मुलीने मात्र युक्ती केली. एकेक चौकट आईच्या डोळ्यांवर चढवून तिने मोबाइलवर समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेतली, आणि मग आईने जुना चष्मा घालून ती पाहिली. हाताच्या अंतरावर मोबाइल धरून काढलेले छायाचित्र नाक मोठे दाखविते, म्हणून ती दीड-दोन मीटर दूर उभी राहिली. तिसऱ्या छायाचित्रापाशी बाई थांबल्या. ती विटकरी रंगाची, जाड कडेची, किंचित चौकोनी चौकट होती. मुलगी म्हणाली, “आई, ही फार ठळक दिसते.” बाई म्हणाल्या, “ठळकच हवी.”

तो ‘ठळक’ हा शब्द बाईंना कुठून सुचला असेल, हे सहज समजण्यासारखे आहे. पस्तिशीपर्यंत चेहरा स्वतःच बोलतो. काळे केस, भुवयांची रेघ आणि ओठांचा रंग त्याला रेखीवपणा देतात. पुढे केस पांढरे होतात, भुवया विरळ होतात, आणि चेहऱ्यावरच्या रेघा पुसट होत जातात. अशा वेळी विरून जाणारी चौकट उरलेलेही पुसून टाकते. नीट बसलेली ठळक कड भुवईचे काम करते, आणि तिची खालची बाजू डोळ्याखालच्या काळसर छायेवर पडून ती थोडी झाकतेही. मात्र शुद्ध काळी कड जपून घ्यावी. काळ्या केसांच्या शेजारी ती शांत बसते. केस पिकले की तीच कड एकाएकी सगळ्या चेहऱ्यावर ओरडू लागते. तपकिरी, विटकरी, गर्द हिरवा किंवा जांभळा हे रंग गव्हाळ व सावळ्या कांतीला अधिक मानवतात.

गोल चेहऱ्याला चौकोनी आणि चौकोनी चेहऱ्याला गोल चष्मा, हा नियम सर्व दुकानांतून पाठ म्हणून दाखविला जातो. तो अगदीच खोटा नसला तरी त्यावर फार विसंबू नये, कारण बहुतेकांचे चेहरे भूमितीच्या पुस्तकातले नसतात. खरी परीक्षा नाकाची आणि भुवईची. वरची कड भुवईच्या वळणाबरोबर जावी. बाहुली काचेच्या मध्याजवळ यावी. हसताना गाल खालच्या कडेला लागू नयेत. काड्या कानशिलांत रुतू नयेत. घट्ट चष्मा दुपारपर्यंत डोके दुखवितो आणि सैल चष्मा घामाने घसरतो. कोकणात व मुंबईत हा घाम मोठाच परीक्षक आहे. तारेच्या चौकटीला नाकाशी दोन लहान गाद्या असतात व त्या वाकवून बसविता येतात. जाड चौकटीत नाकावरचा पूल एकसंध असतो आणि तो फारसा बदलता येत नाही, म्हणून बसक्या नाकाच्या माणसाने तो दुकानातच मान खाली घालून, डोके हलवून पाहावा.

काडीच्या आतल्या अंगाला बारीक आकडे असतात, ते कोणी वाचत नाही. ‘५०’, मग एक चौकोन, मग ‘१८’, मग ‘१४०’ असे असले, तर काचेची रुंदी पन्नास मिलिमीटर, दोन काचांमधले अंतर अठरा आणि काडीची लांबी एकशेचाळीस. जुना चष्मा सुखाचा असेल तर त्याचे आकडे टिपून न्यावेत. अर्धे काम तिथेच होते. पन्नास आणि अठरा मिळून अडुसष्ट होतात. दोन बाहुल्यांमधले अंतर बासष्ट असेल, तर प्रत्येक काच तीन मिलिमीटर आत सरकवावी लागते. उणे नंबरला याची किंमत जाडीत द्यावी लागते. साध्या प्लास्टिकची उणे चारची काच मध्यापासून पंचवीस मिलिमीटरांवर मध्यापेक्षा सुमारे अडीच मिलिमीटर अधिक जाड असते, तर तीस मिलिमीटरांवर साडेतीनहून अधिक. यास्तव भल्या मोठ्या चौकटीची हौस असणाऱ्याने आपला नंबर आधी आठवावा. हाच जाडपणा लपविण्यास जाड कड सोयीची, हा बाईंच्या निवडीचा एक व्यावहारिक फायदा होता, जरी त्यांनी ती त्यासाठी घेतली नव्हती. वाचनाच्या अधिक नंबरच्या काचा उलट मध्ये जाड असतात आणि त्यांच्यामागे डोळे मोठे दिसतात, सुरकुत्यांसह; त्यांना लहान चौकट बरी.

पदार्थांविषयी थोडक्यात. पूर्वीच्या उंची चौकटी समुद्री कासवाच्या कवचाच्या असत. त्या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७० नंतरच्या दशकातील करारांनी बंद झाला. त्याचीच पिवळी-तपकिरी छटा आज ॲसिटेटमध्ये येते, आणि ते कापूस व लाकडाच्या लगद्यापासून होते. ते ऊब दिली की वाकते, म्हणून दुकानदार काडी गरम करून कानामागे वळवू शकतो. तारेच्या स्वस्त चौकटींत निकेल असते आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही. नाकावर खाज व लाली येते. त्यांनी टायटॅनियमची घ्यावी, ती हलकीही असते.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणे जगात चाळिशी लागलेल्यांची संख्या १८० कोटी आहे, आणि त्यांपैकी ८२ कोटींहून अधिक लोकांना योग्य चष्माच मिळालेला नाही. आसामातील चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांवर एक प्रयोग झाला व तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वाचनाचे साधे चष्मे दिले, त्यांचे काम चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेने पाचव्या हिश्शाहून अधिक वाढले. तेथे रंगाचा प्रश्न नव्हता. तरीही चष्मा खिशात ठेवून न वापरणारे लोक गावोगाव आढळतात, आणि त्याचे कारण पुष्कळदा हेच असते की त्यांना तो परका वाटतो, म्हातारपणाचा वाटतो. नातवाच्या पत्रिकेवरचे नाव वाचता न आलेले आजोबा ‘उजेड कमी आहे’ म्हणतात, आणि चष्मा शेजारच्या कोनाड्यात असतो. आवडलेली चौकट निदान डोळ्यांवर राहते.

बाईंच्या चौकटीवर दुकानदाराने पारदर्शक काचांवर लेखणीने दोन ठिपके काढले, बाहुल्या जेथे आल्या तेथे. त्या वेळी त्यांना ताठ बसून त्याच्या डोळ्यांकडे सरळ पाहावयास सांगितले होते. मान थोडी वर झाली असती तर ठिपके चुकले असते आणि पुढे वाचन चुकले असते. आठ दिवसांनी काचा आल्या. पहिले काही दिवस जिना उतरताना पायरी हलल्यासारखी झाली, कारण खालच्या भागात जवळचा नंबर असतो आणि पायरी तितकी जवळ नसते. हनुवटी छातीकडे घेऊन उतरण्याची सवय लागल्यावर ते थांबले. शाळेत पहिल्या दिवशी सातवीच्या वर्गात कुजबुज झाली, आणि एका मुलीने धीर करून विचारले, “बाई, चष्मा नवा?” बाईंनी हो म्हटले, फळ्यावर तारीख लिहिली आणि वळून टेबलावरची वही उघडली. चष्मा कपाळावर गेला नाही. सोनेरी तारेचा जुना चष्मा घरी कपाटात डबीत आहे. नव्याचा स्क्रू कधी सैल झाला, तर तेवढ्या दिवसापुरता तो बाहेर निघतो.